संबंध : निरंक

लवादाच्या कायद्यात पुन्हा दुरुस्ती येणार आहे म्हणे. कोर्टाच्या पायऱ्या न चढता, दोन्ही बाजूंनी मानलेल्या एका माणसाकडून वाद मिटवून घ्यायचा, त्याचा तो कायदा. नव्या मसुद्यावर सूचना मागवल्या आहेत. आमच्या कर्जतच्या बाररूममधल्या मंडळींनी तो गठ्ठा आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "बाई, तुम्हीच लिहा. तालुक्यात लवाद म्हणून खुर्चीत बसलेल्या तुम्ही एकट्याच आहात."

एकटी आहे हे खरंच आहे, त्यासाठी मसुदा कशाला आणायला हवा होता?

मला लिहायला सांगितलं की मी थांबत नाही. पस्तीस वर्षं वकिली केली, लग्न केलं नाही, घरात भांडायला कोणी नाही, तेव्हा मी कागदाशी भांडते. पहिल्याच बैठकीला मुदत बांधून द्या, तारखा देत बसू नका, निवाडा कोर्टाने उठसूट उलटवू नये, असं सगळं दोन दुपारींत खरडून झालं. मग आलं लवादाच्या खुलाशाचं कलम. खुर्चीत बसण्याआधी लवादाने लेखी सांगायचं असतं, की या पक्षकारांशी माझे पूर्वीचे वा आताचे संबंध काय आहेत. तिथे माझा पेन थांबला तो आठवडाभर थांबला.

गंमत अशी, की हा खुलासा सक्तीचा झाला तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या होत्या. बाररूममध्ये उभं राहून तासभर शहाणपण पाजळलं होतं. लवादाने आपलं पोट उघडं करून दाखवलं पाहिजे, लपवाछपवी नको, वगैरे. तो अख्खा तास मला आजही पाठ आहे, आणि आठवला की कानशिलं तापतात.

जिच्यामुळे पेन थांबला त्या मैत्रिणीबद्दल आता सांगते.

पाचवीत असताना ती माझ्या बाकावर येऊन बसली. मी कर्जतच्या वकिलाची मुलगी, ती दहिवलीच्या शेतकऱ्याची. मी बोलायचे पुस्तकासारखं आणि ती बोलायची तिच्या आईसारखं. "तू काय गं भटाच्या पोथीतनं बोलतेस?" हे तिचं मला म्हटलेलं पहिलं वाक्य. तिचं लग्न गावातच झालं, नवऱ्याची रोपवाटिका होती, हायवेला कुंभिवलीजवळ. नवरा अचानक गेला तेव्हा ती पस्तिशीची होती. रडून झाल्यावर तिने पदर खोचला आणि धाकट्या दिराला भागीदार घेऊन नर्सरी चालवायला घेतली. आंब्याची कलमं बांधण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे.

गुरुवारी नर्सरी बंद. म्हणून मी गुरुवारी कोर्टात तारीख घेत नसे. न्यायाधीश बदलले, शिरस्तेदार बदलले, पण बाई गुरुवारी येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. पूल ओलांडून दहिवलीला जायचं, तिच्या ओटीवर बसून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खायचं, आणि ती माझी टिंगल करणार ती ऐकून घ्यायची. "तुजी पन कलमं न् माजी पन कलमं. पन माज्या कलमांना पाचव्या वर्साला फळ धरतं गं. तुज्या कलमांना कदी धरलेलं बगितलंस?" मी चिडायचे. मी चिडावं म्हणूनच तर ती बोलायची. वीस वर्षांत मी आजारपण सोडता एकही गुरुवार चुकवला नाही.

भागीदारीचा करारही मीच लिहिला, तिच्याच ओटीवर. शेवटी कलम घातलं, की वाद झालाच तर आमच्या वकीलबाई लवाद म्हणून देतील तो निर्णय दोघांना बंधनकारक. ती हसली. "वाद कशाला व्हतोय? पन असूं दे. तुला बी तेवडाच मान."

वाद झाला. पंधरा वर्षांनी झाला, पण झाला. हायवेवरची रहदारी वाढली, दोन्ही बाजूंना हॉटेलं उभी राहिली, आणि दिराला वाटलं की रोपं विकण्यापेक्षा हॉटेल काढावं. त्याचंही काही चूक नव्हतं, त्याला दोन मुलगे होते आणि कोणालाच मातीत हात घालायचा नव्हता. घरच्या वाटणीत कुंभिवलीची जमीन सातबाऱ्यावर त्याच्या नावाची झालेली. दहिवलीचा तुकडा हिच्या नावाचा. पण कुंभिवलीत सहा आंबे होते, हिच्या नवऱ्याने लावलेले. नर्सरीवाले त्यांना मातृवृक्ष म्हणतात. त्यांच्या काड्या काढून नवी कलमं बांधायची. हजारो कलमं त्या सहा झाडांची लेकरं. ती म्हणत होती, दहिवलीची जमीन तू घे, मला ही झाडांची जागा दे. तो म्हणत होता, दहिवलीच्या आडबाजूला हॉटेल काढून मी काय कावळ्यांना जेवायला घालू?

दोघं मिळूनच माझ्या घरी आले, एकाच रिक्षातून. आमच्याकडे भांडणसुद्धा असंच करतात.

"आमाला कोर्टकचेरी नको," दीर म्हणाला. "करारात तुमचं नाव हाय. तुमीच बसा."

मी म्हटलं, अहो, मी तुमच्या वहिनीची मैत्रीण, शिवाय करारही मीच लिहिलेला. नव्या कायद्याने मला बसता येत नाही.

"वयनीची न् तुमची दोस्ती हाय ह्ये काय आमाला म्हाईत नाय? म्हनून तर तुमी पायजे. ज्याला आमचं काय म्हाईत नाय असा मानूस बसवून काय करायचं, बाय?"

खरं म्हणजे कायद्यातच वाट होती. वाद उभा राहिल्यावर दोघांनी लेखी दिलं, की बाईंचे संबंध आम्हाला माहीत आहेत, तरी त्याच हव्यात, तर बसता येतं. दोन ओळी आणि दोन सह्या, पाच मिनिटांचं काम. बाररूममधल्या भाषणात हेही मी सांगितलं होतं.

आणि तरी मी काय केलं?

कोर्टासमोर टायपिंगला बसतो त्याच्याकडे माझा जुना नमुना होता. रसायनीच्या एका कारखान्याच्या आणि त्याच्या ठेकेदाराच्या वादात मी बसले होते, तेव्हाचा. त्याने नावं बदलली आणि कागद काढून दिला. संबंधांच्या रकान्यात तेव्हाचंच राहिलं होतं : निरंक. सरकारी तक्ते भरणाऱ्यांना हा शब्द पाठ असतो. सांगण्यासारखं काही नसलं की 'नाही' लिहीत नाहीत, 'निरंक' लिहितात. पाऊस निरंक, तक्रारी निरंक. टायपिस्टाच्या हाताला ती सवयच आहे, त्याचा काही दोष नाही.

मला तेव्हा मोतीबिंदूची सुरुवात होती. मला दिसलं नाही, असं म्हणून सुटता येईल, आणि एक-दोघांपाशी मी तसं म्हटलंही आहे. पण ते खोटं आहे. मी तो शब्द वाचला. वाचून पेन थांबला. मग मनात आलं, की मैत्रीण लिहिलं तर उद्या निवाडा तिच्या बाजूने गेल्यावर लोक काय म्हणतील? निरंक कसं स्वच्छ दिसतं. पंचवीस वर्षं नाकाने कांदे सोलले ना मी, मग आता डाग कसा चालेल? असतो एखादा ऑफिसातला शब्द, त्याला कोण विचारतंय? मी सही ठोकली.

दोघांना एकेक प्रत दिली. दिराने न वाचता घडी करून खिशात घातली. ती मात्र सगळं वाचायची, खताच्या गोणीवरचं बारीक छापलेलंसुद्धा. बोट ठेवून वाचत ती त्या ओळीपाशी आली.

"निरंक म्हंजे काय गं?"

"ऑफिसचा शब्द आहे तो."

"म्हंजे काय नाय, असंच ना?"

"हो. तसंच."

"बरं," ती म्हणाली आणि कागद पिशवीत ठेवला. त्यानंतर तिने मला 'गं' म्हटलेलं नाही.

निवाडा होईपर्यंत मी गुरुवारी येणार नाही, असं मीच तिला बजावलं. बारा महिन्यांची तर मुदत आहे, वर्ष काय हां हां म्हणता जाईल. पहिल्या गुरुवारी मी सवयीने पायात चपला घातल्या, आणि मग त्या काढून ठेवून घरातच बसले. दुसऱ्या महिन्यात मी गुरुवारच्या तारखा घ्यायला लागले. शिरस्तेदार म्हणाले, "बाई, आज तुम्ही इथे?" मी त्यांच्यावर उगाचच खेकसले.

बैठका एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत व्हायच्या. खाली कोणाची तरी हळद, वर आम्ही तिघं आणि दोघांचे वकील. तिने खालापूरची एक हुशार वकीलीण केली होती. चहा यायचा. मी घेत नसे, लवादाने कोणाचा चहा घेऊ नये म्हणून. दीर दर वेळी आग्रह करायचा, "घ्या वो बाय, चाय हाय, लाच नाय." ती कधी आग्रह करत नसे. उभी राहून बोलायची. "मॅडम, माजं म्हननं असं हाय." जिने मला शाळेत चिंचा चोरायला शिकवलं, ती मला मॅडम म्हणत होती, आणि मी 'पुढे बोला' म्हणत होते.

एकदा पुरावा म्हणून तिने काड्यांची जुडी आणली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली. प्रत्येक काडी कुठल्या झाडाची ते सांगत गेली, ह्या झाडाला आधी मोहोर, ह्याला बारकं फळ पण गोड, ह्ये मालक गेले त्या साली त्यांनी लावल्यालं. दिरानेही मान खाली घातली होती. मी वहीत लिहिलं, 'साक्षीदाराने झाडांची माहिती दिली.'

निवाडा मी तिच्या विरुद्ध दिला. जमीन ज्याची झाडं त्याची. तिला नर्सरीचं नाव, सगळी रोपं, आणि दोन हंगाम काड्या काढून नेण्याचा हक्क. कायद्याने चूक काढता येणार नाही असा घट्ट विणलेला निवाडा होता, कोणीही वाचावा. पण मी त्या दिवसापासून स्वतःला एकच विचारते आहे. ती माझी कोणी नसती, तर जागांची अदलाबदल करता येते का हे मी नीट तपासलं असतं की नाही? करारात तशी सोय होती, मीच ठेवली होती. मी तिकडे पाहिलंच नाही. मला भीती होती, तिकडे पाहिलं तर मी तिची मैत्रीण दिसेन.

निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने मिळतात. ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिने जिल्हा न्यायालयात जावं, अशी मी वाट बघत होते. अर्जात तिला लिहावंच लागलं असतं, की लवादबाई आणि मी बालपणापासूनच्या मैत्रिणी, करार त्यांनीच माझ्या ओटीवर लिहिला, हे त्यांनी लपवलं. माझी छीथू झाली असती, आणि झालेली मला हवी होती. कोणीतरी शपथेवर म्हणायला हवं होतं, की आमचा संबंध होता. पोस्टमन आला की मी फाटकापर्यंत जायचे. बँकेचं पाकीट, नातेवाइकांची लग्नपत्रिका, एकदा चुकून शेजाऱ्यांचं. नोटीस काही आली नाही.

मुदत उलटल्यावर ती खालापूरची वकीलीण बाररूममध्ये भेटली. बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सांगू का? एक अर्ज टाकला असता तर तुमचा निवाडा उभा राहिला नसता. मी कागद तयारसुद्धा केले होते. माझी अशील सही करेना."

"का?"

"म्हणाल्या, त्यांनी लिवलंय ना काय संबंध नाय म्हनून? मग नाय. त्यांना खोटं मी पाडायचं नाय."

मी बाररूमच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं. सगळ्यांना वाटलं, बाईंना उकडतंय.

पुढच्या वर्षी एसटीतून खोपोलीला जाताना बघितलं, हॉटेल उभं राहिलं होतं. सहातले चार आंबे पार्किंगसाठी गेले होते. तिने दोन हंगामांत काढता येतील तेवढ्या काड्या काढल्या होत्या, असं ऐकलं. कोणाकडून ऐकलं तेही आठवत नाही. कर्जतमध्ये कोणाला काही विचारावं लागत नाही.

मध्ये काही वर्षं गेली. पुलाच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती. बाजारात दिसलो तर मान हलवायची, ती म्हणणार "बऱ्या हाव ना?" आणि मी म्हणणार "हो, तुम्ही?" शत्रुत्व असतं तर निदान आमने-सामने भांडता तरी आलं असतं.

मागच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मी रिक्षा करून एकटीच गेले, त्यात काय एवढं? काउंटरवर फॉर्म दिला. सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव. रुग्णाशी नाते. मी दोन्हीकडे, हात वळलेला आहे म्हणून, लिहिलं : निरंक.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत सरकवला. "आजी, इथे निरंक चालत नाही. कोणीतरी लागतंच."

"मी वकील आहे. माझी जबाबदारी मी घेते, लिहून देते."

"लिहून चालत नाही, आजी. माणूस लागतो."

आजी म्हणाली म्हणून आधीच माझं डोकं फिरलं होतं. मी कायदा सांगायला तोंड उघडलं, आणि कोणता कायदा सांगावा हेच सुचेना. खुर्चीवर येऊन बसले आणि फोनमधली नावं बघितली. अशील, अशील, टायपिस्ट, गॅस, प्लंबर, दोन भाचे, दोघेही परदेशात. माणूस म्हणता येईल असा एकच नंबर होता, आणि तो फोनमध्ये नव्हता, पाठ होता.

"कोन?"

"मी बोलते."

पलीकडे तिने पाण्याचा नळ बंद केला. मग म्हणाली, "बोला."

मी सांगितलं. माझा आवाज कसा झाला असेल कोण जाणे. ती फक्त म्हणाली, "येते."

तासाभरात आली. मला तोवर डोळ्यांत औषध घालून बसवलेलं, समोरचं सगळं विरघळलेलं. पण ओल्या मातीचा वास आला आणि मला कळलं. तिने काउंटरवरून फॉर्म मागून घेतला, माझ्या शेजारी बसून नाव लिहिलं. मग मुलीला विचारलं, "नातं काय लिवू?"

"काय असेल ते लिहा ना."

तिने एक शब्द लिहिला, सावकाश. मला दिसत नव्हता, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

ऑपरेशन झालं. तिने मला घरी आणलं, पलंगावर बसवलं, स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. डबे कुठे आहेत ते तिला विचारावं लागलं नाही. थेंब कधी घालायचे ते कॅलेंडरच्या पाठीवर जाड अक्षरांत लिहून भिंतीला लावलं. मी म्हटलं, चहा घेऊन जा. ती म्हणाली, नको, रोपांना पानी घालायचं हाय. मी म्हटलं, ऐक ना, तेव्हा मी जे लिहिलं ते... पट्टीखाली डोळा भरून आला.

"डाक्टरनी डोळ्याला पानी लावू नका म्हनून सांगितलंय," ती म्हणाली. "तुमी रडू नका."

फाटकाचा आवाज झाला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाला दारात हजर, पट्टी काढायला न्यायला. ताईंनी सांगून ठेवलंय म्हणाला.

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, दिसतंय का? दिसत होतं, सगळं लख्ख, नको इतकं. त्यांनी घरी न्यायला माझी फाइल दिली. नव्या डोळ्याने मी पहिला कागद वाचला तो तोच फॉर्म. सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव, तिचं. रुग्णाशी नाते, तिच्या गोल, शाळकरी अक्षरात : पक्षकार.

रागाने लिहिलं की टिंगल म्हणून, मला सांगता येत नाही. तिच्याकडे दोन्ही वेगळं कधी नव्हतंच.

काल मी मसुद्यावरची राहिलेली सूचना लिहून टाकली. लवादाच्या खुलाशात संबंधांच्या रकान्यात निरंक हा शब्द चालणार नाही, प्रत्येक लवादाने संबंध नसल्यास तो कसा नाही हे स्वतःच्या हाताने, पूर्ण वाक्यात लिहावं. बाररूममधले म्हणाले, बाई, हे जरा अती होतंय. असू दे. त्यांना कारण सांगितलं नाही.

तिने दिलेल्या त्या एका शब्दाच्या निवाड्याला आव्हान द्यायचं, तर मलाही तीनच महिने, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. एक महिना गेला. अर्ज काय, तर गुरुवारी पूल ओलांडायचा आणि ओटीवर जाऊन म्हणायचं, की मी खोटं लिहिलं होतं गं. आज गुरुवार होता. मी पुलाच्या अर्ध्यापर्यंत गेले आणि परत आले.